अण्णांचं लपण
आपण बांधलेली वास्तू कुणाच्याही नजरेस पडू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला इंजिनिअर मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे हे यजमान. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. उभी नोकरी त्यांनी बेळगावात शाळा, पूल आणि पाण्याच्या टाक्या बांधण्यात घालवली. शहरात कुठंही जाताना "ही आपली टाकी" म्हणून ते रिक्षा थांबवायला लावत. असा माणूस निवृत्त झाल्यावर पार बदलला, आणि त्याला कारण झाला एक पक्षी.

अण्णांचं गाव जांबोटीकडचं. शेताच्या वरच्या अंगाला जंगल लागतं, तिथं एका जुन्या झाडाच्या ढोलीत धनेशाचं घरटं होतं. धनेशाची मादी ढोलीत शिरून दार लिंपून घेते आणि पिल्लं मोठी होईतो नर फटीतून भरवील तेवढ्यावर जगते. हे दाखवायला अण्णांनी एका उन्हाळ्यात आम्हा सगळ्या नातेवाइकांना नेलं. आम्ही आठ-दहा जण झाडाखाली माना वर करून मोठमोठ्यानं बोलत उभे. नर आला, आम्हाला बघून परत फिरला. दुपारपर्यंत चारदा आला, चारदा तसाच गेला. मग आलाच नाही. बाकीचे जेवायला निघाले. अण्णा मात्र फटीतून दिसणारं चोचीचं टोक बघत राहिले. "साडू, ती आत उपाशी हाय, आणि ते आपल्यामुळं," एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी ढोली रिकामी राहिली.

तेव्हापासून त्यांनी लपणाचा ध्यास घेतला. लपण म्हणजे आत बसून माणसानं पक्षी बघावेत, पण पक्ष्यांना माणूस दिसू नये अशी जागा. झाडासमोरच्या टेकाडावर छत्री घेऊन ते दिवसदिवस बसत आणि कुठल्या वेळी कुठली सावली कुठं पडते ते वहीत उतरवत. पांढरे शर्ट रानात लांबून दिसतात म्हणून त्यांनी सगळेच्या सगळे तांबड्या मातीच्या पाण्यात बुडवून काढले. त्यातलाच एक घालून ते निपाणीला लग्नाला गेले, तर मुलीच्या वडिलांनी त्यांना मांडववाला समजून खुर्च्या उचलायला सांगितल्या. अण्णांनी दोन रांगा निमूटपणे लावून दिल्या. "माती लई चांगली बसलीया कापडावर," हीच त्यांची त्या लग्नाची आठवण.

पहिला नकाशा त्यांनी काढला आणि स्वतःच फाडला. "ह्यो टाकीचा भाऊ दिसतोय." असे सहा फाडले. सातव्यात टेकाडाचा उतार पोखरून खोली केली होती. पुढं न घडवलेला जांभा दगड, बाजूंना कारवीच्या काठ्यांचा कूड आणि त्यावर मातीचा लेप, छपरावर माती घालून रुजवलेलं गवत. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर तीन अरुंद फटी. आत शिरायची वाट मागून, चरासारखी खोल. काम संपलं त्या दिवशी एक म्हैस आली आणि भिंतीला खुशाल पाठ घासून गेली. "म्हशीनं पास केलं!" अण्णा लहान पोरासारखे ओरडले. उद्घाटनाला पंचायतीचे एक सदस्य आले होते. इकडंतिकडं बघून ते म्हणाले, "बांधकाम कुठाय, अण्णा?"

"तुम्ही त्याच्यावरच हुबा हाय. जरा खाली उतरा, गवत मोडतंय."

त्या उन्हाळ्यात धनेश आले नाहीत. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही नाहीत. लोक हसायला लागले, आक्काही टोमणे मारायच्या. अण्णा लपणाविषयी बोलेनासे झाले. ओलीत बसून बसून त्यांना दमा जडला, तो तेवढा राहिला.

यंदा त्यांच्या भावाचा गावाहून फोन आला. "अण्णा, जोडी आलीया. ढोली लिंपलीया."

अण्णा, आक्का आणि मी दुसऱ्याच दिवशी गेलो. पण चरापाशी पोचताच अण्णा बांधावर बसले. "तुम्ही जावा. माझा खोकला आत चालत न्हाय."

"तोंडाला मफलर लावा की," मी म्हणालो.

"न्हाय. एकदा माझ्या हौसेपायी ती उपाशी ऱ्हायली. पुन्हा न्हाय."

आक्कांनी तोवर त्या लपणात पाऊल टाकलं नव्हतं. त्या माझ्यापुढं चरात उतरल्या. आत आम्ही खाली बसून फटीला डोळे लावले. बऱ्याच वेळानं नर आला, फांदीवर बसला, मान वळवून त्यानं थेट आमच्याकडं बघितलं. आक्कांनी माझा दंड घट्ट धरला. मग त्यानं मान परत वळवली आणि गळ्यातून एकेक फळ काढून ढोलीच्या फटीतून भरवू लागला.

तो उडून गेल्यावर आम्ही परत आलो, तेव्हा अण्णा बांधावरून उठून उभे होते. तोंडावर मफलर दाबलेला.

"आला?"

"आला. पाच फळं घातली. मी मोजली," आक्का म्हणाल्या.

"तुमच्याकडं बघितलं काय त्यानं?"

"बघितलं. आणि कोण न्हाईच असं समजून भरवत बसला."

 अण्णा खाली बसले आणि चष्मा काढून हातात धरला. आक्का त्यांच्याशेजारी टेकल्या आणि तो कुठल्या बाजूनं आला, कुठल्या फांदीवर बसला, सगळं पहिल्यापासून सांगू लागल्या. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. मी थोडा पुढं जाऊन उभा राहिलो. त्यांचं बोलणं संपायला बराच वेळ लागला.