अर्ध्यावर वाजवलेली घंटा

पुण्यात मी शाळेत गणित शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीमागोमाग हार्लेमला आले आणि 'सध्या काय करतेस?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर उरलं नाही. सकाळी खेमेन्टेनं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेनं, सुचवलेल्या डच भाषेच्या वर्गाला जायचं, दुपारी मुलीला शाळेतून आणायचं आणि शनिवारी तिला स्केटिंगच्या वर्गाला न्यायचं. ती बर्फावर धडपडायची आणि मी उपाहारगृहाच्या काचेमागे वाटाण्याचं दाट सूप घेऊन बसायचे.

तिथेच आमच्या समोरच्या घरातली बाई भेटली. ती चाळिशीची होती, शाळेत भूगोल शिकवायची आणि हिवाळाभर बायकांच्या मॅरेथॉन स्केटिंगच्या शर्यतीत उतरायची. बर्फाच्या लंबगोल मार्गावर सगळ्याजणी एकदमच सुटतात, फेऱ्यांवर फेऱ्या घालतात आणि शेवटच्या फेरीत जी पहिली येते ती जिंकते. ऑक्टोबर ते मार्च अशा शर्यती चालतात, प्रत्येकीचे गुण जमा होत जातात आणि शेवटी बेरीज करून मोसमाची विजेती ठरते. ही शर्यतींची मालिका त्या भागातल्या क्लबांची होती, म्हणजे सगळ्या हौशी, नोकऱ्या सांभाळून सराव करणाऱ्या.

"आकड्यांचा बोर्ड फिरवायला माणूस नाहीये," ती एकदा म्हणाली. "तू तर गणिताची. ये ना."

मी गेले. अंतिम रेषेपाशी उभं राहून दर फेरीला 'उरलेल्या फेऱ्या' दाखवणारा आकडा एकानं कमी करायचा, एवढंच काम. पण त्या देशात कुणीतरी माझी वाट बघत होतं, ही गोष्टच मला मोठी वाटली.

पहिल्याच दिवशी कळलं की बायकांच्या साठ फेऱ्या आणि पुरुषांच्या शंभर. का, म्हणून विचारलं तर स्पर्धाप्रमुख म्हणाले की हे पहिल्यापासून असंच आहे. ते उंच, पांढऱ्या केसांचे, बोलायला फार गोड गृहस्थ होते. शेजारणीनं मला सांगितलं की जगातल्या मोठमोठ्या स्केटिंगच्या स्पर्धांमध्येसुद्धा पुरुष दहा हजार मीटर पळतात आणि बायकांना पाच हजारांवर थांबवतात. सायकलवरून घरी येताना मी हे पुन्हा पुन्हा मनात घोळवत होते. बायका दमतात हे कुणी ठरवलं? दमायची संधी तरी दिली होती का?

डिसेंबरातली एक शर्यत. शेजारणीची ताकद शेवटच्या टप्प्यात दिसायची. तिला एकदम सुसाट सुटता येत नसे, पण शेवटच्या वीसेक फेऱ्यांत ती वेग असा चढवत न्यायची की बाकीच्यांचे पाय बोलायला लागायचे. त्या संध्याकाळी अजून वीसेक फेऱ्या उरलेल्या असताना तिनं नुकतीच आघाडी घेतली होती, आणि स्पर्धाप्रमुख माझ्याजवळ येऊन म्हणाले की आता सरळ पाचचा आकडा लाव. आधीची शर्यत लांबली होती, बर्फ पुन्हा गुळगुळीत करायचा होता आणि पुरुषांची मुख्य शर्यत वेळेवर सुरू व्हायला हवी होती. मला नीटसं कळायच्या आत त्यांनी स्वतःच आकडा बदलला. थोड्याच वेळात शेवटच्या फेरीची घंटा वाजली, ताज्या दमाच्या मुली सुसाट पुढे गेल्या आणि माझी शेजारीण नववी आली.

बर्फावरून उतरल्यावर ती बाकावर बसून स्केटचे बंद सोडत राहिली. ती एवढंच म्हणाली की मॅरेथॉन अर्ध्यावर तोडली की ती मॅरेथॉन राहत नाही.

जानेवारीत पुन्हा तेच झालं. या वेळी ती आणि आणखी काहीजणी स्पर्धाप्रमुखांकडे गेल्या. त्यांनी शांतपणे समजावलं की नियम सगळ्याजणींना सारखाच लागू झाला आहे, मग अन्याय कुठे? आणि प्रेक्षक तर मुख्य शर्यतीसाठीच येतात. 'मुख्य' हा शब्द त्यांनी इतक्या सहज उच्चारला की माझी कानशिलं तापली.

त्याच आठवड्यात डीमन गावी एका मित्राकडे संक्रांतीचा तिळगूळ होता. मी हा प्रकार सांगितला. नवऱ्याचा एक सहकारी गुळपोळीवर तूप घेत म्हणाला की बायकांच्या शर्यतीत वेगच नसतो, लोक बघणार तरी काय? सगळे हसले. माझा नवराही हसला.

परतीच्या आगगाडीत मी त्याला विचारलं, "तू का हसलास?"

"अगं, एवढं काय त्यात? क्लबातली हौशी स्पर्धा आहे ती."

"माझं शिकवणंही तुम्हाला हौसच वाटत होतं का? म्हणून इतक्या सहज सुटलं?"

हार्लेम येईपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.

फेब्रुवारीतल्या शर्यतीआधी कपडे बदलायच्या खोलीत बायकांनी ठरवलं की मधेच घंटा वाजली तरी थांबायचं नाही, साठ पुऱ्या करायच्या. एक विशीतली मुलगी होती. फेऱ्या तोडल्यामुळे दोन्ही शर्यती तीच जिंकली होती आणि गुणांत सगळ्यांच्या पुढे होती. सगळ्याजणी तिच्याकडे बघायला लागल्या. ती म्हणाली, "मीही साठ पुऱ्या करणार. अर्ध्या शर्यतीचा विजय मला नको."

शर्यत सुरू झाली. बोर्डावर पंचविसाच्या आसपास आकडा असताना स्पर्धाप्रमुख आले. पाच लाव, म्हणाले. मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये सांगितलं, "साठ ठरल्या आहेत." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खुर्ची बोलली. मग त्यांनी स्वतः जाऊन घंटा वाजवली.

एकीनंही वेग बदलला नाही. सगळा घोळका तसाच, पाठ वाकवून, एकीमागे एक वळणावरून निघून गेला. ध्वनिक्षेपकावर शर्यत संपल्याचं जाहीर झालं. बर्फ घासणारं यंत्र दिवे लावून दाराशी येऊन उभं राहिलं. मी आकडे एकेक कमी करत राहिले. बोर्ड खाली ठेवा, असं मला दोनदा सांगण्यात आलं. मी ठेवला नाही. कठड्याच्या फळ्यांवर लोक हात आपटायला लागले, आधी थोडे, मग बरेच. त्यांत माझी मुलगी होती आणि तिच्या शेजारी माझा नवराही.

शेवटच्या फेऱ्यांत शेजारणीनं आपला तो वेग चढवला. एकेक मुलगी मागे पडत गेली. शेवटी तिच्याबरोबर उरली ती फक्त ती विशीतली मुलगी. दोघी रेषेवर जवळजवळ बरोबरच आल्या, आणि मुलीचं स्केट जरासं पुढे होतं. शेजारीण हरली आणि कंबरेत वाकून, धापा टाकत, मोठमोठ्यानं हसली.

निकाल जाहीर झालाच नाही. शर्यत रद्द ठरली, सगळ्याजणींना शून्य गुण. उशीर झाल्यामुळे पुरुषांच्या काही फेऱ्या कापाव्या लागल्या, आणि पुढचा आठवडाभर उपाहारगृहात लोक तावातावानं बोलत होते ते त्याबद्दल. पुरुषांवर केवढा अन्याय झाला म्हणून! जे बायकांच्या बाबतीत वेळापत्रक होतं, ते पुरुषांपर्यंत पोचताच अन्याय झालं.

मला स्पर्धाप्रमुखांनी बाजूला घेऊन, नेहमीच्याच गोड आवाजात सांगितलं की पुढच्या शर्यतीपासून बोर्ड दुसरं कुणी बघेल. "तुमचं डच अजून या कामापुरतं तयार नाही."

आकडा उलटायला कितीसं डच लागतं? सबंध हिवाळा मी तो उलटत होते, तेव्हा माझं डच कुणाला खटकलं नव्हतं. माझ्या एका वाक्याचा त्यांना त्रास झाला, आणि ते वाक्य त्यांना अगदी स्वच्छ समजलं होतं. हे मला तिथल्या तिथे बोलता आलं नाही. घरी येऊन मी ते मराठीत नवऱ्याला सुनावलं. शेवटी तो म्हणाला, "डीमनला मी हसायला नको होतं."

पुढच्या मोसमात बायकांना साठच्या साठ फेऱ्या मिळाल्या. मात्र रविवारी सकाळी, उपाहारगृह उघडायच्याही आधी. ध्वनिक्षेपक बंद, प्रेक्षक म्हणजे घरची माणसं. क्लबाच्या सभेत ही 'बायकांसाठी खास सोय' म्हणून सांगितली गेली. आम्ही तिघं दर रविवारी जायचो आणि हाताला झिणझिण्या येईस्तो फळ्या बडवायचो.

त्या मार्चमध्ये माझी शेजारीण मोसमाची विजेती ठरली. चषक द्यायला स्पर्धाप्रमुख आले नाहीत, आणि सभागृहाला कुलूप होतं. मग त्या विशीतल्या मुलीनंच वाहनतळावर, दोन गाड्यांच्या मधे उभं राहून, तिच्या हातात तो दिला. बारीक गारा पडत होत्या. आम्ही टाळ्या वाजवल्या, पण हातमोज्यांमुळे त्यांचा आवाजच होईना. म्हणून सगळ्यांनी हातमोजे काढले.