बेचाळिसावी ओळ

आमचा नवरा घरात येरझाऱ्या घालायला लागला, की मी ओळखते: ऑफिसातला कुठलातरी किडा डोक्यात शिरलाय. लोक ज्या भाषेत प्रोग्राम लिहितात, ती भाषाच आतून ठाकठीक ठेवायची, हे याचं काम. एकोणीस वर्षं झाली. घरातला गळका नळ मात्र मीच आवळते.

या खेपेला तीन दिवस झाले तरी स्वस्थता नाही. चहा गार, चष्मा फ्रिजवर. शेवटी मी वैतागले. "अरे, बस की एका जागी! काय झालंय ते सांग एकदाचं."

"क्षुल्लक आहे गं. फाइलची पहिली ओळ रिकामी सोडली, की पुढच्या चुकांच्या ओळींचे आकडे एकाने वाढतात. चूक असते एकेचाळिसाव्या ओळीत, आमची भाषा सांगते बेचाळीस. मीच करून ठेवलेलं, नवीन असताना."

"मग सुधार की!"

"एवढ्या वर्षांत तक्रारी आल्या पाच. जाणकार लोक मनातल्या मनात एक वजा करतात. काहींनी तर वजा करणारे प्रोग्रामच लिहून ठेवलेत. आता नीट केलं तर ते बिघडतील. लोक म्हणतील, भीक नको पण कुत्रं आवर. सुधारायचं की नाही, यावर उद्या ऑफिसात मत द्यायचंय. सोडून देऊ म्हणतोय."

मी हातातली उशीची खोळ खाली ठेवली. "पाच नाही, सहा."

चार वर्षांपूर्वी मी हौसेने याच भाषेचा क्लास लावला होता आणि दोन महिन्यांत सोडला. कंटाळा आला, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे वर एक ओळ मोकळी सोडायची मला शाळेपासूनची सवय. यंत्र म्हणालं, बेचाळिसावी ओळ. ती मी दोन दिवस अक्षर न् अक्षर तपासली. बाकीचे सगळे केव्हाच पुढे गेले. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. वाटलं, आपल्याला डोकंच नाही.

हे सगळं त्याला सांगितलं. तीन दिवसांत पहिल्यांदा तो थांबला. "मला का नाही विचारलंस? इथेच होतो की मी."

"काय विचारणार? यंत्र चुकलं असेल हे मनातही आलं नाही. तू केलेलं होतं ना."

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मला संताप येत होता, चार वर्षं उशिरा, आणि त्याची पाठ बघून कीवही येत होती.

"उद्या सुधारायचं म्हणून सांगतो," तो म्हणाला. "शिव्या पडतील."

"पडू देत. खा."

त्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तुझा तो प्रोग्राम आहे अजून?"

होता. मी एकेचाळिसावी ओळ उघडली. एक स्वल्पविराम द्यायचा राहिला होता.