चिरलेली काथवट घेऊन मुलुंड ते बोरिवली

रविवार, १८ जानेवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. मुलुंडच्या आमच्या खोलीत मी दिवा न लावता, मोबाईलच्या उजेडात, मावशीची काथवट जुन्या चादरीत बांधत होतो. आई उठायच्या आत निघायचं होतं, कारण काथवटीला गेलेली चीर तिने अजून पाहिली नव्हती.

काथवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. ही फणसाच्या लाकडाची. गिरणी बंद पडल्यावर काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, गावी बसून ती स्वतः कोरली. मावशी त्यातच पीठ मळून भाकऱ्या विकते. भाचीच्या बारशाला आईने ती बोरिवलीहून मागून आणली आणि नंतर धुवायचं काम माझ्याकडे आलं. मी साबण लावला, कडकडीत पाणी ओतलं, वर जंतू मरावेत म्हणून दोन दिवस गॅलरीत उन्हात ठेवली. तळाला वीतभर चीर दिसली तेव्हा मी ती लगेच जुन्या चादरीखाली झाकली. दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. त्यांच्या हातची एवढी एकच वस्तू उरली आहे. मावशी फोनवर म्हणाली होती की ते रोज विचारतात, काथवट खंय?

लाकडी भांड्यांसाठी घरी कंडिशनर करता येतो, हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. एक भाग मधमाश्यांचं मेण, चार भाग तेल. खायचं तेल काही दिवसांनी खवट होतं म्हणून औषधवाल्याकडचं लिक्विड पॅराफिन घ्यायचं. मुलुंडमध्ये घेतलं असतं तर दुपारपर्यंत आईला कळलं असतं. म्हणून सामान वाटेत घ्यायचं आणि अंधेरीला संतोष नावाच्या मित्राच्या खोलीवर शिजवायचं असं ठरवलं.

घाटकोपरपर्यंत बस घ्या. रविवारी सकाळी बसायला जागा मिळते. मी काथवट मांडीवर घेतली होती आणि प्रत्येक खड्ड्याला चादरीवरून चिरेवर हात दाबत होतो, जणू हाताने ती थांबणार होती. स्टेशनजवळच्या जडीबुटीच्या दुकानात मेणाची पिवळी वडी मिळाली. मेणबत्तीचं मेण तर नाही ना, असं मी तीनदा विचारलं. शेवटी दुकानदार शेठ वैतागून म्हणाले, "चावून बघ ना. भुगा झाला तर पैसे परत." मी चावलं. मधाचा वास आला, भुगा झाला नाही. तरी पुढची दहा मिनिटं जीभ बधिर होते का ते बघत होतो.

मेट्रोत सामान तपासणीच्या पट्ट्यावरून जातं. बोचकं पलीकडे निघालं आणि सुरक्षारक्षकाने हात वर केला. मी घाबरून चादर सोडली. तो हसला. "कठौती! हमारे यहाँ भी है." मग त्याने तळावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, "फट गयी है, भाई." अनोळखी माणसालासुद्धा पहिल्या बोटात कळलं. काकांची तर सवयच होती, लाकूड हातात आलं की आधी बोटाच्या पेराने वाजवून बघायचं.

मरोळ नाक्याला उतरलो. औषधवाल्याने बाटली देताना मला खालून वर पाहिलं. "किती दिवस झाले?" ते जुलाबाचं औषध आहे हे मला तेव्हा कळलं. भाकरीतून कुणाच्या पोटात गेलं तर, असं मी विचारलं. लाकडाला चोळून पुसून टाकणार असशील तर काही होत नाही, बाटली तोंडाला लावू नकोस, असं तो म्हणाला. मी ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

संतोष शाळेपासूनचा मित्र. त्याने दार उघडलं आणि बोचकं पाहून म्हणाला, "प्रेत आणलंस काय रे?"

मेण थेट आचेवर कधीही ठेवू नका, पेट घेतं. पातेल्यात पाणी तापवा, त्यात स्टीलचा डबा, डब्यात पन्नास ग्रॅम मेण आणि दोनशे ग्रॅम तेल. मी शेजारी ओला टॉवेल घेऊन उभा होतो आणि संतोष दारात चपला घालून उभा होता, पळता यावं म्हणून. मिश्रण गार झालं की मलमासारखं घट्ट होतं. चिरेत आधी नुसतं मऊ मेण बोटाने दाबून भरलं, मग सगळीकडे मलम चोळलं, तीन तास ठेवलं, कोरड्या फडक्याने पुसलं. लाकूड मधासारखं चमकायला लागलं. "झकास! आता कोणाच्या बापाला कळणार नाही," संतोष म्हणाला. मी पेराने वाजवून पाहिलं. आवाज चांगला की वाईट ते मला समजेना, आणि त्याने जास्तच धडकी भरली.

मेट्रो बदलून देवीपाड्याला उतरलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. मावशीने दारातच काथवट घेतली आणि काकांच्या मांडीवर ठेवली. काकांनी डाव्या हाताने वाजवली. मग तळावर बोट फिरवलं आणि चिरेपाशी थांबले.

"उनात ठेवलंस?"

मी मान डोलावली.

काकांची जीभ जड झाली आहे. एकेक शब्द यायला वेळ लागतो. "चीर जुनी आसा. कोरताना गेली. दर दिवाळीक मेण भरी मी." ते थांबले. "दोन दिवाळ्यो रवल्यो. म्हणान वाडली."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. तिलाही हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं ती त्याच चिरेवर पीठ मळत होती.

काकांनी बोट नाकाशी नेलं, मेणाचा वास घेतला. तेल कुठलं, ते मी सांगितलं. मावशी पदर तोंडाला लावून हसली. "मगे गिऱ्हाईकांका एकदम मोकळां!"

मग तिने तांदळाची वाफाळती उकड सरळ काथवटीत ओतली. उद्या एका हळदीला शंभर भाकऱ्या द्यायच्या होत्या, आणि त्याआधी आज घरच्यांसाठी करून बघायच्या होत्या. मी तडकल्याचा आवाज ऐकायला कान टवकारून उभा होतो. ती मळत राहिली. काकाही कान देऊन बसले होते, तेव्हा दिसलं की त्यांनाही भीती वाटते आहे. आवाज आला नाही. पहिली भाकरी मी मागून घेतली आणि खाऊन अर्धा तास पोटावर हात ठेवून बसलो. काही झालं नाही.

निघताना काका म्हणाले, "आता तू भर."

बोरिवलीहून मुलुंडची बस मिळाली. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती बोलली भरपूर, मग जेवायला वाढलं. उद्या शंभर भाकऱ्या होईपर्यंत काथवट टिकेल का, हे मला अजून माहीत नाही. फोन उशाशी ठेवला आहे.

खर्च: मेण ९०, तेल १६०, बस आणि मेट्रो १००, वडापाव आणि चहा ५०. एकूण ४०० रुपये.
देणं: संतोषला मेण चिकटलेल्या डब्याचे १२० रुपये. काकांना दर दिवाळीला वीतभर मेण.