दोन बोटं उघडी काच
काच चिकटवायच्या गमचा उग्र वास आज लातुरात एका गॅरेजसमोर नाकात शिरला आणि नांदेडचा तो मिस्त्री आठवला. आहेराचा पाट डिकीत कोंबून मी दार आपटलं होतं आणि आमच्या लहान गाडीची मागची काच फुटली होती. जुनीच काच नवी म्हणून बसवेल, या संशयानं मी त्याच्या दुकानात, तापल्या पत्र्याखाली, स्टूल टाकून बसलो. काम झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, उद्यापर्यंत दाराची एक काच दोन बोटं खाली ठिवा. बंद गाडीचं दार आपटलं तर आतली हवा नव्या काचेला ढकलती." मला वाटलं, म्हणजे याचाच माणूस फटीतून हात घालून गाडीतला टेप नेणार! घरी आल्याबरोबर चारही काचा वर केल्या आणि सवयीनं दार आपटलं. सकाळी बघतो तर मागची काच एका कोपऱ्यात सुटलेली. तावातावानं दुकान गाठलं. त्यानं एवढंच विचारलं, "काच उघडी ठिवली होती न्हवं?" "हाव, ठेवली होती," मी म्हणालो. "मग माझंच काम कच्चं," म्हणत तो पुन्हा गम खरवडायला बसला. आज गाडीत बसलो, सगळ्या काचा धडधाकट होत्या; तरी दार ओढायच्या आधी एक काच दोन बोटं खाली घेतली.