बंद मोबाईलवरचं बोलणं

एसटीत फोनवर ओरडणाऱ्यांचा मला भारी राग येतो. भोरहून निघाल्यापासून शेजारची मुलगी मोबाईल कानाला लावून कुठल्याशा सैन्याला हुकूम सोडत होती, पलीकडच्याला बोलायला सवडच देत नव्हती. मी डोळे वटारले, तशी ओशाळून म्हणाली, "काका, फोन बंदच हाय. नाटकाच्या एमएची प्रवेशपरीक्षा हाय माझी. दोन स्वगतं बसवलीत, त्यातलं एक निवडायचंय. नुसतंच बडबडलं तर लोक येडी म्हणतील."

मग तिने ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं आणि हलक्या आवाजात दुसरं सुरू केलं. "आबा, त्या स्थळाला न्हाई म्हणा. मला शिकायचंय. तुमी रागवा, पर बोलणं टाकू नका."

पुढच्या सीटवरची म्हातारी मागे वळली. "पोरी, बाप हाय त्यो. आईकंल. जरा दम धर."

मुलगी मान खाली घालून "व्हय" म्हणाली.

मी म्हणालो, "हेच निवड. कुणी लिहिलंय?"

"म्याच. परीक्षकांसमोर जमंल वो. आबांसमोर तोंडच उघडत न्हाई."

कापूरहोळला मी उतरलो. खिडकीत ती दिसली. मोबाईल कानाला होता, ओढणीचं टोक मुठीत होतं. पण आता ती बोलत नव्हती, ऐकत होती.