चतुराबाईचा पदर

अमरावतीच्या मुलांच्या दवाखान्यात चतुराबाई आया होती. राजापेठेतून पायी यायची, आजारी पोरांचं गू-मूत काढायची, आणि कुणी त्याला हलकं काम म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "हलकं असन तर करून दाखव," म्हणायची.

नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून एक गोष्ट मात्र तिनं कायमची सोडली होती. ज्या बाईची पोरं जगत नाहीत तिनं लेकरू महार बाईच्या पदरात टाकायचं, मग मूठभर कोंडा देऊन परत घ्यायचं आणि नाव कोंड्या ठेवायचं, म्हणजे मरण फसतं, अशी जुनी रीत. तिच्या सासूनं असा पदर कितीदा पसरला होता. मरणाला फसवायला आम्ही, आणि पाण्याला विहीर वेगळी! चतुराबाईला ते आठवलं तरी चीड यायची.

एकोणसाठ सालच्या थंडीत चांदूर बाजारकडची जमुना घटसर्प झालेलं पोर घेऊन आली. आधीची दोन गेलेली. सुई टोचून झाली, पण पोराची घरघर ऐकून तिचा धीर सुटला. दवाखान्यातून पोर परत येत नाही म्हणत ती त्याला घरी न्यायला निघाली. डॉक्टर रागावले, नर्सनं विनवलं. गेली असती तर पोर वाटेतच संपलं असतं. दारात चतुराबाई आडवी झाली. ती महाराची, हे जमुनाला शेजारच्या खाटेवरच्या बायांकडून कळलं होतं.

"माय, तुह्या पदरात टाकतो याले. तू घेतलं तरच ठेवतो," जमुना म्हणाली.

चतुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. सोडलेलं तेच पुन्हा करायचं? पण पोराचे ओठ निळे पडत होते. तिनं पदर पसरला. जमुनानं हात लागू न देता, वरूनच पोर सोडलं.

"आता हे माहं," चतुराबाई म्हणाली. "अन् माहं लेकरू डॉक्टरनं सांगतल्याबिगर घरी जात नाही. समजलं?"

जमुना खाटेकडे परतली. चतुराबाईला मात्र धास्ती लागली. इतक्या वर्षांत इतकी पोरं हाताखालून गेली, पण हे आपलं म्हणून बसलो, आता गेलं तर? पाळी संपली तरी ती खाटेपाशी बसायची, चमच्यानं पेज भरवायची.

पोर वाचलं. जमुना सुपात कोंडा घेऊन आली.

"सूप ठेव बाजूले. म्या विकत नव्हतं घेतलं, सांभाळलं," चतुराबाई म्हणाली. "अन् कोंड्या नको म्हणू त्याले, धड नाव ठेव."

जमुनानं सवयीनं पदर पसरला. चतुराबाई पोर घेऊन तशीच उभी राहिली.

"पदर नाही. हात कर पुढं."

जमुना घोटाळली. मग तिनं दोन्ही हात पुढं केले, पोराखाली, चतुराबाईच्या हातांना लागून. पोर तिच्याकडे आलं, आणि तरीही ती चतुराबाईचे हात धरून रडत राहिली.