शेपटाच्या मागे

समुद्रापाशी सुरू होऊन शेतांमधून जंगलात जाणारी सायकलची एक लांबलचक वाट आहे. उन्हाळ्यात ती बंद होते. बंद व्हायच्या आधी सगळे हौशी एकत्र जमून तिच्यावरून शेवटची फेरी मारतात. या फेरीत पुढे कोण असेल ते सांगता येत नाही. तरण्या पोरांची त्यासाठी नुसती चढाओढ चाललेली असते. मागे कोण असेल, हे मात्र सगळ्यांना पाठ होतं. मागे काका असत. म्हणून त्यांचं नाव पडलं शेपूटकाका, आणि ते त्यांनी एखाद्या पदवीसारखं मिरवलं.

काकांचं दुकान बोटींच्या धक्क्यापाशी. एका खोलीचं. वर खुंट्यांना ट्यूब लोंबत असायच्या, खाली काळ्या पाण्याचं घमेलं, आणि सगळीकडे पंक्चर चिकटवायच्या सोल्युशनचा वास. खाऱ्या हवेनं तिथे चेन गंजायला वेळ लागत नाही. "समुद्र सायकली खातो," काका म्हणत, "आणि मी त्याच्या घशात हात घालून त्या बाहेर काढतो."

फेरीच्या सकाळी ते सगळ्यांना एकच गोष्ट बजावत. "अडलात तर अडाल तिथेच बसा. पुढे पळू नका, मागे फिरू नका. मी मागून येतोच आहे." आणि ते येतच. कुणाचा पाय मुरगळलेला असे, कुणाचं चाक वाकलेलं, कुणी नुसतंच रडकुंडीला आलेलं. काकांच्या हॅंडलला लावलेली लाल चिंधी दिसली की माणसाच्या जिवात जीव येई.

ज्याची काळजी वाटेल, त्याच्यासाठी काकांची एक युक्ती होती. त्याच्या मागच्या टायरच्या नक्षीतला एक दात ते सुरीनं कापून टाकत. मग ते चाक धुळीत फिरलं की प्रत्येक फेऱ्याला एक जागा रिकामी उमटे. मान खाली घालून काका तो माग वाचत चालत. दात पडलेला माग सगळ्यांच्या वर उमटलेला दिसला, की आपलं माणूस सुखरूप पुढे चाललं आहे, असं ते समजत.

त्या वर्षी त्यांनी आपल्या सुनेच्या टायरचा दात कापला.

सून घरात येऊन फार काळ झाला नव्हता. मुलगा बोटीवर नोकरीला, महिनोन्महिने घराबाहेर. घरात सासू, सासरा आणि ही. बसून बसून कंटाळली आणि एक दिवस दुकानातली सायकल घेऊन धक्क्यावर पडत-झडत शिकली. सासू म्हणाली, "गुडघे फोडून घे, म्हणजे तुझ्या आईला सांगायला मला काहीतरी होईल." सून म्हणाली, "सांगा की. शिकवणारे कोण, तेही सांगा." काका हसून हसून खोकले.

फेरीला तिला न्यायला मात्र त्यांचा जीव धजत नव्हता. त्या सकाळी वाराही नेहमीचा नव्हता. एरवी तो समुद्राकडून येतो, दमट आणि खारट. त्या दिवशी तो जमिनीकडून येत होता. कोरडा होता, आणि त्याला वाळल्या गवताचा वास होता. लाटांची डोकी उलटी मोडत होती. एकही पक्षी पाण्यावर नव्हता.

"मामंजी, तोंड का पाडलंय?" सुनेनं विचारलं.

"वारा बरा नाही."

"वाऱ्याचा पण दात कापा मग," ती म्हणाली आणि पायडल मारून निघालीसुद्धा.

दीपगृहापर्यंत वाट समुद्राला धरून जाते. वाळू वाऱ्यानं वाटेवर चढून बसते, चाकं रुततात. तिथे सून काकांच्या नजरेसमोरच होती. पुढे वाट शेतांत शिरते. पिकं कापून नेलेली होती, जमिनीत नुसते खुंट उभे होते. बांधाबांधावर कुत्री असतात, सायकलींमागे भुंकत धावतात. त्या दिवशी ती सावलीत पडून राहिली. डोकी वर करून बघत आणि पुन्हा खाली टाकत.

काका एका पोराची चेन बसवायला थांबले, तेवढ्यात सून वळणाआड गेली. त्या वळणापुढे जे झालं ते काकांना दिसलं नाही.

वळणापुढे शाळेतल्या बाई चढावर उतरून उभ्या होत्या. पायडलवर जोर दिला की त्यांची चेन घसरत होती. वय झालेलं, धाप लागलेली. सुनेला दया आली.

"बाई, माझी घ्या. हलकी आहे. मी तुमची घेऊन सावकाश येते."

"अगं, तू नवी. तुला जमेल?"

"मागे आमचे मामंजी आहेत. मला कसली भीती?"

बाई दात कापलेल्या चाकाची सायकल घेऊन पुढे गेल्या. सून घसरती चेन हातानं बसवत, ढकलत निघाली. थोड्या अंतरावर शेतातलं पंपघर आहे. चेनच्या काळ्या वंगणानं तिचे हात माखले होते. सायकल भिंतीआड लावून ती मागच्या हौदावर हात धुवायला गेली. चेहराही धुतला. वाऱ्यानं शेतातला पत्रा वाजत होता, त्यात सायकलीचा आवाज कसा ऐकू येणार? काका पंपघरासमोरून गेले. त्यांची मान खाली होती. दात पडलेला माग सगळ्या मागांच्या वर, ताजा, पुढे जात होता. काका मनाशी हसले. पोरगी बरी चालवते, असं त्यांना वाटलं.

आता जंगलातली गोष्ट सांगायला हवी. वाटेच्या दोन्ही बाजूंचं वाळलेलं गवत दरवर्षी जंगलखात्याची माणसं स्वतःच पेटवून देतात. गवत आधीच जळालेलं असलं, की उन्हाळ्यात वणव्याला वाट ओलांडता येत नाही. जंगलाच्या तोंडाशी असलेल्या फाटकाकडून फाटकवाला पेटवतो, पलीकडच्या टोकाकडून मुकादम आणि त्याची माणसं. दोन आगी एकमेकींकडे सरकत येतात, मधे भेटतात आणि खायला काही न उरल्यानं विझतात. काम शेवटच्या फेरीच्या दिवशीच होतं, काका पुढे निघून गेले की. काका गेले म्हणजे वाट रिकामी झाली. याची खात्री कुणी वेगळी करत नसे.

त्या दिवशीही फाटकवाल्यानं नेहमीप्रमाणे विचारलं, "काका, मागे कोणी?"

"मागे मी. माझ्या मागे कोणी नसतं."

"मग टाकतो आडवा बांबू."

"टाक. आणि आज जपून. वारा बघ."

"वारा संध्याकाळी पडतो हो. मला शिकवता काय?"

बांबू आडवा पडला. फाटकवाला रॉकेलचा डबा आणायला खोपटात गेला. थोड्या वेळानं सून तिथे आली. बांबू टाकलेला बघून तिला हसू आलं. मामंजी अजून मागेच आहेत आणि यानं फाटक लावूनसुद्धा टाकलं! सायकल आडवी करून तिनं ती बांबूखालून सारली, स्वतः वाकून आत शिरली आणि निघाली. खोपटातून डबा घेऊन बाहेर आलेल्या माणसाला वाट रिकामीच दिसली.

जंगलात आवाज नव्हता. पानगळ झालेली, फांद्या उघड्या, आणि गवत माणसाच्या कमरेपर्यंत, हात लावला तर मोडेल असं. मधल्या उतारावर चेन घसरली नाही, तुटलीच. तिथे ओढ्यावर एक मोरी आहे, माणूस रांगत जाईल एवढ्या सिमेंटच्या नळाची. सून मोरीच्या कठड्यावर बसली. पुढे पळायचं नाही, मागे फिरायचं नाही. मामंजी येतीलच. फोनला तिथे रेंज नसते, आणि तिला त्याची गरजही वाटली नाही.

काका जंगलापलीकडच्या मुक्कामाला पोचले तेव्हा चहा सुरू होता. एका झाडाला दात कापलेल्या टायरची सायकल टेकून ठेवलेली होती. शेजारी बाई पाय चोळत बसल्या होत्या.

"सूनबाई कुठाय?" काकांनी विचारलं.

"म्हणजे? तुमच्याबरोबर नाही?" बाई म्हणाल्या. "तिनं मला तिची सायकल दिली. माझी घेऊन ती मागून..."

काकांनी मागे वळून बघितलं. झाडांच्या शेंड्यांवर धूर होता. तो सरळ वर जात नव्हता, आडवा पळत होता. संध्याकाळ होत आली तरी वारा पडला नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदा काकांनी त्या वाटेवर उलटं तोंड केलं. चढावर त्यांची छाती फुटायला आली. मुकादमाची माणसं हातात ओल्या फांद्या घेऊन उभी होती. मुकादम आडवा आला.

"कुठे निघालात? पुढे पेटलंय."

"सून आत आहे माझी."

"आत कशी असेल? तुम्हीच सांगितलंत ना, मागे कोणी नाही म्हणून?"

काकांनी मुकादमाच्या पाण्याच्या पिंपात आपला सदरा बुडवला, तो ओलाच डोक्यावर घेतला आणि सायकल आगीच्या दिशेनं सोडून दिली. मुकादम ओरडला, "अरे धरा म्हाताऱ्याला!" पण उतार काकांच्या बाजूनं होता.

वाटेची माती तेवढी जळत नव्हती. दोन्ही बाजूंना आग होती आणि मधे सायकल जाईल एवढी काळी रेघ. काकांनी डोळे मिटले आणि हॅंडल सरळ धरून ठेवलं. भुवया गेल्या. हाताची कातडी रबरासारखी वळली. पलीकडे निघाले तेव्हा पुढच्या टायरमधून धूर येत होता.

सून मोरीच्या कठड्यावरच बसलेली होती. ओढणी ओली करून तोंडाला बांधलेली. फाटकाच्या बाजूनंही आग येताना तिला दिसत होती. डोळ्यांना धार लागली होती, पण ती हलली नव्हती. तिची नजर वाटेच्या मागच्या टोकाकडे होती, जिकडून सासरा यायचा. पाठीमागून हाक आली तेव्हा ती दचकून वळली.

"मामंजी, तुम्ही समोरून कसे आलात?"

काकांनी तिला हाताला धरून खाली ओढलं. ओढ्यात पाणी म्हणण्यासारखं नव्हतं, चिखल होता. दोघं नळात शिरली. काकांनी तिचं तोंड चिखलाशी दाबलं आणि वर स्वतः आडवे पडले. दोन्ही आगी त्यांच्या डोक्यावर भेटल्या. एखादी अवजड गाडी पुलावरून जावी आणि जाऊन संपूच नये, तसा आवाज आला. नळ तव्यासारखा तापला. सून काहीतरी म्हणत होती, ते काकांना ऐकू येत नव्हतं. तिच्या पाठीचं हलणं तेवढं त्यांना कळत होतं. ते थांबू नये म्हणून ते तिला सारखं हलवत राहिले.

मुकादमाच्या माणसांनी त्यांना पायांना धरून बाहेर काढलं. दोघं जिवंत होती. सुनेचा आवाज बसला तो पुढे पुरता सुटलाच नाही. बोलताना तिच्या घशात खरखर होते. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत.

लोक घरी येऊन गेले. फाटकवाला येऊन रडला. "मी तुमच्या शब्दावर पेटवलं, काका," तो म्हणाला. त्याला काकांना दोष द्यायचा नव्हता, तरी तो त्यांना लागला. बाई रोज येत, सुनेचे केस विंचरून देत. सासू तिला म्हणाली, "आता सायकलीला हात लाव, तंगडं मोडते तुझं." सून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आधी मामंजींचं मोडा. तेच गावभर फिरतायत."

हे खरं होतं. काका हातावरची पट्टी सुटायच्या आधीपासून रोज कुठेतरी जात. सांगून जात नसत. परत येत तेव्हा पायजमा गुडघ्यापर्यंत काळा झालेला असे. एक दिवस सून बाईंच्या मागे सायकलवर बसून त्यांच्या पाठोपाठ गेली. बाई फाटकापाशी थांबल्या. काका जळालेल्या जंगलात वाटेपासून लांब, उतारावर चालत होते. गवत नव्हतं, त्यामुळे प्रत्येक खड्डा, प्रत्येक दगड उघडा पडला होता. ते काठीनं राख उकरून बघत होते.

"काय हरवलंय, मामंजी?"

काकांनी काठी राखेत रोवली. मग त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी फेरीला एक परगावचा माणूस आला होता. एकटाच. सायकलला पिवळी पिशवी. मुक्कामी तो दिसला नाही. कंटाळून मधूनच घरी गेला असेल, असं सगळे म्हणाले. काकाही तसंच म्हणाले. त्या दिवशीही फाटकावर त्यांनी तेच उत्तर दिलं होतं आणि त्या दिवशीही गवत पेटलं होतं.

"गेला असेल हो घरी," सून म्हणाली.

"असेल," काका म्हणाले. "मी तोही बसला असेल का, एवढंच बघतोय. मीच सांगितलं होतं बसायला."

वारा त्या दिवशी मुळीच नव्हता, राख जागची हलत नव्हती. सुनेनं एका जळक्या झाडाची फांदी मोडून घेतली.

"ओढ्याच्या पलीकडे बघितलंत?"

"नाही अजून."

"मग तिकडची बाजू मी बघते," ती म्हणाली आणि ओढा ओलांडून चढायला लागली.